संध्याकाळी लेकराजवळ कोण असतं?

"वकीलताई, नमस्कार. माझं माहेर केज तालुक्यात, सासर गंगाखेडजवळ. लग्नाला अकरा वर्षं झाली. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. मुलगी चार वर्षांची, अंगणवाडीत जाते. नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, हंगामात कारखान्याला ऊस वाहतो. दारू पिऊन मारायचा म्हणून दोन वर्षांखाली दोन्ही लेकरं घेऊन माहेरी आले. इथं शिलाई मशीन चालवते, सुगीत सोयाबीन काढायला, कापूस वेचायला जाते. वडिलांच्या अंगावर मुकादमाची उचल (ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेले पैसे) होती, ती फिटंना म्हणून मागच्या साली एक हंगाम भावाबरोबर ऊसतोडीला गेले. तेव्हा लेकरं माझ्या आईपाशी होती. या दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नवरा आला, चार दिवसांनी आणून सोडतो म्हणाला आणि मुलाला घेऊन गेला. आता तीन महिने होत आले. तिकडच्याच शाळेत घातलंय म्हणतात. फोनवर बोलू देत नाहीत. सासरे म्हणतात, पोरगं आमच्या वंशाचं, पोरगी तुझी. कोर्टात गेलीस तर दोन्ही जातील, तुझी कमाई काय? गावातले जाणते म्हणतात, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून मोकळं व्हा, मुलगा त्याला, मुलगी तुला, खावटी मागायची नाही. भाऊ म्हणतो, जीप करू अन् शाळा सुटल्यावर उचलून आणू. कोर्ट लेकरू कुणाला द्यायचं हे कशावरून ठरवतं? मी ऊसतोडीला गेले ते माझ्यावर उलटेल का? धाकटी रोज विचारते, दादा कधी येणार."

एक आई, केज तालुका

ताई,

आधी भावाला सांगा, जीप करू नको. बाकीचं त्यानंतर वाचा.

त्याचा राग मला कळतो. पण शाळेच्या फाटकात लेकराचा एक हात मामाच्या हातात आणि दुसरा आज्ज्याच्या हातात, ही गोष्ट मी पक्षकारांच्या तोंडून फार वेळा ऐकली आहे. एकदा अशाच ओढाताणीत पोराच्या सदऱ्याची बटणं तुटली. आईनं तो सदरा पुरावा म्हणून कॅरीबॅगमध्ये घालून कोर्टात आणला. न्यायाधीशांनी तो हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि एवढंच विचारलं, "त्यानंतर पोरगं शाळेत गेलं का?" महिनाभर गेलं नव्हतं. दोन्हीकडचे वकील खाली बघत बसले, त्यांतली एक मी. दिवाळीत नवऱ्यानं थाप मारून जे केलं ते तुम्ही जोर लावून केलंत, तर तुमच्यात आणि त्याच्यात निवड करायला कोर्टापाशी काय उरतं? दोन वर्षं दोन्ही लेकरं तुम्ही गाजावाजा न करता सांभाळलीत. सासरे कमाई विचारतात ना, ती ही. ती जीपमध्ये घालवू नका. पोलिसांत गेलात तर मारहाणीची तक्रार ते घेतील, पण लेकराचं नाव काढलं की बहुतेक ठिकाणी "बापच घेऊन गेलाय ना, मग कोर्टात जा" असं ऐकायला मिळतं.

आता कोर्ट कशावरून ठरवतं ते सांगते.

सासरे म्हणतात पोरगं आमचं, तुम्ही म्हणता माझं. कोर्टात हा वाद चार मिनिटंही टिकत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ सालचा आहे. त्याच्या कलम १३ नं सांगून ठेवलंय की पालक ठरवताना अज्ञानाचं हित सगळ्यात वर. (कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालच्याला 'अज्ञान' म्हणतात. सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' वाचलं असेल, त्यातला 'अ' तो. या खटल्यांत खरं अज्ञान कोण असतं, ते मी सांगायला नको.) सर्वोच्च न्यायालयानं १९७३ साली रोझी जेकब यांच्या खटल्यात म्हटलं की लेकरं ही काही चीजवस्तू नव्हेत आणि आईबापांची खेळणीही नव्हेत. वंशाचा दिवा वगैरे शब्द या कायद्यात कुठंही नाहीत.

तरी सासऱ्यांचा वकील त्याच कायद्याचं कलम ६ मोठ्यानं वाचून दाखवील. त्यात लिहिलंय की हिंदू अज्ञानाचा नैसर्गिक पालक बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई. घाबरू नका. गीता हरिहरन यांनी याच शब्दावर सर्वोच्च न्यायालय गाठलं होतं. मुलाच्या नावे बाँड घ्यायचे होते, नवरा-बायकोचं एकमत होतं, पण पालक म्हणून आईची सही चालत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेनं अर्ज परत पाठवला. १९९९ साली न्यायालयानं सांगितलं की 'त्याच्यानंतर' याचा अर्थ बाप मेल्यावर असा घ्यायचा नाही; बाप लेकराच्या बाबतीत हजर नसेल, लक्ष घालत नसेल, तर आई पालक आहेच. आणि दुसरं म्हणजे पालकत्व वेगळं, ताबा वेगळा. बाप कागदावर पालक राहूनही लेकरू आईपाशी राहू शकतं, तशी हजारो लेकरं राहतात.

त्याच कलम ६ मध्ये पुढं एक ओळ आहे, ती तुमच्या धाकटीची. पाच वर्षं पूर्ण न झालेल्या लेकराचा ताबा सामान्यतः आईकडं. 'सामान्यतः' म्हणजे आईकडं लेकराला धोका आहे असं काही दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. एरवी धाकटीला कोणी हलवत नाही. ती पाचची झाली की आपोआप बापाकडं जाते, असा एक समज आपल्याकडं पसरलाय. तसं काही नाही. "दोन्ही जातील" ही धमकी आहे, तिला कायद्याचा आधार नाही.

थोरल्यासाठी मात्र असा तयार नियम नाही. तिथं १८९० सालचा पालक व पाल्य कायदा लागतो. (तो सगळ्या धर्मांना लागू आहे, मुस्लिम, ख्रिस्ती वाचकांनी त्यांचा व्यक्तिगत कायदा सोबतीला धरायचा, पण लेकराचं हित तिथंही सुटत नाही.) त्याचं कलम १७ म्हणतं, लेकराचं वय पाहा, मुलगा की मुलगी पाहा, सांभाळू म्हणणाऱ्याची वागणूक आणि कुवत पाहा, नातं किती जवळचं ते पाहा, आणि लेकरू स्वतःचं मत बनवण्याइतकं मोठं असेल तर तेही विचारात घ्या. वाचायला हे सगळं भारदस्त वाटतं. साक्षीच्या पिंजऱ्यात त्याचे अगदी घरगुती प्रश्न होतात. सकाळी डबा कोण करतं? ताप आला तर कुठल्या दवाखान्यात नेता? वर्गशिक्षकांचं नाव काय? संध्याकाळी लेकराजवळ कोण असतं?

एका प्रकरणात मी आईची वकील होते. समोरचा बाप दुधाचा धंदा करणारा, अंगठ्याएवढी सही करणारा माणूस. मी उलटतपासात खवचटपणे विचारलं, "मुलीची वेणी कोण घालतं मग?" तो म्हणाला, "मीच. आदी पाणी लावतो, मग तेल. भांग मधी पाडावा लागतो, बाजूला पाडला की रडती." पुढचा प्रश्न माझ्या तोंडून निघेना. मुलगी बापाकडं राहिली, आणि खरं सांगायचं तर तिथंच राहायला हवी होती. ताबा बायकांनाच मिळतो असं समजून कोर्टात येणाऱ्या बायांना मी ही गोष्ट सांगते.

आता तुमच्या घरचं बघू. नवरा हंगामात ट्रॅक्टरवर. ऊस भरला की कारखान्याच्या यार्डात नंबर लावायचा, काट्यावर वजन, मग गव्हाणीत खाली करायचं, की परत फडात. यात रात्र कुठं आणि दिवस कुठं, हे ट्रॅक्टरवाल्याच्या घरच्यांना विचारावं. म्हणजे नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत तुमचा मुलगा 'बापाकडं' नाहीच, तो आजी-आजोबांकडं आहे. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही. नातवावर जीव असल्याशिवाय कोणी एवढा खटाटोप करत नाही. पण कोर्टापुढं तुलना आई आणि बाप अशी राहत नाही, आई आणि आजी अशी होते. हा मुद्दा तुमच्या अर्जात ठळक यायला हवा. नवऱ्याला शिव्या घालून नव्हे, नुसता त्याचा हंगामातला दिवस मांडून.

त्याच न्यायानं तुमचा ऊसतोडीचा हंगामही निघणार. "सहा महिने लेकरं टाकून कुठं होतीस?" हा प्रश्न उलटतपासात येणार म्हणजे येणारच. त्यावर एकच उपाय, आपण आधी सांगून टाकायचं. अर्जातच लिहा: वडिलांची उचल फेडायला या महिन्यापासून त्या महिन्यापर्यंत भावाच्या जोडीला गेले, लेकरं माझ्या आईपाशी होती, मुलगा गावच्या जिल्हा परिषद शाळेत रोज जात होता, फडावरून दर दोन-तीन दिवसांनी फोन करत होते, आल्यापासून पुन्हा गेले नाही. आणि त्या महिन्यांतली मुलाची हजेरी जोडा. तुमच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालत असेल आणि तो तिथं जेवत असेल तर त्याचीही नोंद घ्या. ऊसतोड कामगारांची लेकरं गावात, शाळेत टिकावीत म्हणून सरकारनंच ते काढलंय. ऊसतोडीला गेलेली आई म्हणजे लेकरं टाकणारी आई, असं बीड जिल्ह्यातल्या न्यायाधीशाला पटवणं अवघड आहे. "साहेब, साक्षीदार कोयत्यावर गेलाय, हंगामानंतरची तारीख द्या" ही विनंती इथल्या कोर्टांना नवी नाही. लपवलेली गोष्ट उलटते. सांगितलेल्या गोष्टीचं फार काही होत नाही.

तुमच्याबद्दल गावात आणखी काही बोललं जात असेल, चालचलन वगैरे, तर त्याचीही तयारी ठेवा, कारण सासरच्यांचा जबाब बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. बायको म्हणून कशी आहे आणि आई म्हणून कशी आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे न्यायालयं सांगत आली आहेत. त्यावर रडायचं नाही, भांडायचं नाही. खोटं असेल तर खोटं आहे एवढंच म्हणायचं.

आणि कमाई. सासऱ्यांचा हा सगळ्यात मोठा बाण आणि सगळ्यात बोथटही. ज्याच्याकडं पैसा जास्त त्याला लेकरू, असा हिशेब असता तर या देशात निम्म्या आयांची लेकरं गेली असती. बापाकडं पैसा आहे ना, मग त्यानं खावटी द्यावी, असं कोर्ट म्हणतं. जुन्या फौजदारी संहितेचं कलम १२५ होतं, त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलंय. त्याखाली स्वतःसाठी आणि लेकरांसाठी मागता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर दोघांनाही उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि खावटी अर्जाच्या तारखेपासून धरतात. म्हणजे "मी नुसता ड्रायव्हर" म्हणणाऱ्यानं ट्रॅक्टर कुणाच्या नावावर आहे तेही लिहायचं. तुम्हीही तुमचं खरं लिहा. शिलाईचे महिन्याला मिळतात तेवढेच, वाढवून नको, लपवून नको.

गावच्या बैठकीनं लेकरांची जी वाटणी काढली, मुलगा त्याला आणि मुलगी तुला, ती बैलजोडी वाटल्यासारखी आहे. पाठची भावंडं तोडायला कोर्ट सहसा तयार होत नाही. आईबाप तुटले तरी दादा आणि धाकटी एका ताटात जेवतात, हे त्या लेकरांपाशी उरलेलं थोडंफार घर असतं. धाकटी तुमच्यापाशीच राहणार असेल, तर दादानंही तिच्यापाशी यावं, हा मुद्दा तुमच्या बाजूनं वजनदार आहे.

स्टॅम्पवर सही करू नका. पाचशेचा असो की पाच हजारांचा, नोटरीच्या शिक्क्यानं हिंदू विवाह मोडत नाही. फारकतीची रूढी तुमच्या जातीत असेल तर ती कोर्टात सिद्ध करावी लागते आणि ते सोपं नाही. सामंजस्यानं वेगळं व्हायचं असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली दोघांनी मिळून कोर्टात अर्ज करायचा असतो. खावटी सोडल्याचं तुम्ही लिहून दिलंत तरी लेकरांचा हक्क तुम्हाला सोडता येत नाही, तो तुमचा नाहीच. आणि ताब्याबद्दल आईबापांनी काहीही ठरवलं तरी कोर्ट लेकराचं हित स्वतः बघतं. मग हा कागद कशाला करायचा? कारण उद्या तोच दाखवून सासरचे म्हणतील, "हिनं राजीखुशीनं मुलगा दिला होता." त्याचा उपयोग तेवढाच, आणि तो त्यांना आहे.

मुलाला कोर्ट विचारील का? नऊ वर्षांच्याला बहुधा विचारतं, न्यायाधीश आपल्या चेंबरमध्ये, आईबाप आणि वकील बाहेर. त्याचं म्हणणं ऐकलं जातं, पण तेवढ्यावर निकाल होत नाही. वय जितकं जास्त तितकं वजन जास्त. त्याला पढवायचा मोह होईल, तुम्हाला नाही तर भावाला. करू नका. एक न्यायाधीश निवृत्त झाल्यावर मला सांगत होते. सात वर्षांचा पोरगा चेंबरमध्ये आला, हाताची घडी घातली आणि म्हणाला, "मला माझ्या वडिलांसोबतच राहायचे आहे. आई माझी काळजी घेत नाही." अगदी पुस्तकातलं मराठी. साहेबांनी बिस्किटाचा पुडा पुढं सरकवला आणि विचारलं, "घरी शेळ्या हायत का रे?" पोरगं खुललं. "हायत की! तीन हायत. एक गाभण हाय. मम्मीनं तिचं नाव सोनी ठिवलंय, ती मम्मीमागंच फिरती." पुढं दहा मिनिटं तो मम्मीबद्दलच बोलत होता. कुठलं वाक्य लेकराचं आणि कुठलं त्याच्या तोंडात घातलेलं, हे ओळखायला भाषातज्ज्ञ लागत नाही.

तुमचा मुलगा तीन महिने तिकडं आहे. तो तुमच्याविरुद्ध काही बोलला तर मन घट्ट करा. तो राहतो त्या घरातलं बोलतोय.

आता घाई कशाची ते सांगते, कारण इतर सगळ्यात तुम्ही धीर धरलात तरी चालेल, इथं नाही. पालक व पाल्य कायद्याच्या कलम ९ प्रमाणं लेकरू सामान्यतः जिथं राहतं तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. तुमचा मुलगा दोन वर्षं केज तालुक्यात राहिला, शिकला. चार दिवसांच्या बोलीवर नेला म्हणून त्याचं राहणं लगेच गंगाखेडचं होत नाही, असं तुम्हाला आज छातीठोक म्हणता येतं. वर्षभरानं म्हणाल तर समोरचा वकील हसेल. शिवाय वेळ हाच त्यांचा पुरावा होतो: नवी शाळा, नवे मित्र, तिथली सवय. लेकरू एका जागी रुळलं की त्याला उपटायला कोर्ट कचरतं, आणि त्यात कोर्टाची चूक नसते.

दोन दारं आहेत. एक म्हणजे ताब्याचा मूळ अर्ज. त्यासाठी घटस्फोट मागावाच लागतो असं नाही. नांदायला जायचं की नाही हे ठरलेलं नसलं तरी ताबा मागता येतो. जिथं कौटुंबिक न्यायालय आहे तिथं तो अर्ज तिकडं जातो, नाही तिथं जिल्हा न्यायालयात. तुमच्या तालुक्याचं काम कुठं चालतं ते वकील पहिल्या पाच मिनिटांत सांगेल. दुसरं दार तुमच्या जास्त जवळचं. नवरा मारत होता, म्हणजे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तुम्हाला उघडा आहे. तो अर्ज तुम्ही आज राहता तिथल्या मॅजिस्ट्रेटकडं करता येतो. त्याच्या कलम २१ खाली लेकराचा तात्पुरता ताबा मागता येतो, सोबत संरक्षण आणि खर्चही. कायदा म्हणतो की असा अर्ज पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा. ते ६० दिवस कॅलेंडरचे की कोर्टाचे, हे विचारू नका. पण अंतरिम आदेश लवकर मिळू शकतो आणि तुम्हाला आत्ता तोच हवाय. अंतरिम अर्जात नुसतं "मुलगा द्या" असं लिहू नका. तो येईपर्यंत आठवड्यातून ठरल्या दिवशी फोन, महिन्यातून ठरल्या वेळी भेट, हेही मागा. उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका, म्हणजे डांबून ठेवलेल्याला कोर्टापुढं हजर करा अशी मागणी, हा तिसरा रस्ता लोक सांगतील. तो आहे, पण विरळ प्रसंगांसाठी. उद्या धाकटीला कोणी उचलून नेलं तर त्याचा विचार करू.

फीची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणं बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते, नाही सापडलं तर १५१०० वर फोन करा. मोफतचा वकील म्हणजे कच्चा वकील असंही समजू नका. मी स्वतः त्या यादीवर पंधरा वर्षं काढली.

जाताना कागद न्या. दोघांचे जन्मदाखले, लसीकरणाचं कार्ड, मुलाचा पहिलीपासूनचा निकालपत्रकांचा गठ्ठा, दोन वर्षांच्या हजेरीचा मुख्याध्यापकांचा दाखला. मुख्याध्यापकांना एक गोष्ट आवर्जून विचारा: गंगाखेडच्या शाळेनं टीसी मागवली का, कधी मागवली? शिक्षण हक्क कायद्यात टीसी उशिरा आली म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, त्यामुळं मुलगा तिथं बसत असेलही. पण मागणीची तारीख हाताशी आली तर चार दिवसांची बोली केव्हा मोडली ते कागदावरच दिसतं. मारहाणीचे दवाखान्याचे कागद, पोलीस ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार) दिली असेल तर तिची नक्कल. आणि एक वही घाला. कोणत्या दिवशी किती वाजता फोन लावला, कोणी उचलला, काय म्हणाले. मुलाला स्वेटर, वह्या पाठवायच्या असतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. त्यांनी पार्सल परत केलं तर तेही जपा, न फोडता.

दोन गोष्टी टाळा. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला नवऱ्याबद्दल एक अक्षर टाकू नका. सासरच्या वकिलाचा तो आयता पुरावा असतो. आणि धाकटी दादासाठी रडतेय असा व्हिडिओ काढू नका.

भेटीचा आदेश झाला की पहिल्या भेटीबद्दल ऐकून ठेवा, कारण वकील हे सांगत नाहीत. कोर्टाच्या आवारात, लिंबाखालच्या बाकावर एखादा तास मिळेल. मुलगा कदाचित लांबच उभा राहील, आज्जीचा पदर धरून. बहुतेक आया तो तास "तुला मारतात का, जेवायला देतात का" यात घालवतात, आणि लेकरू घड्याळाकडं बघत बसतं. तुम्ही धपाटे न्या, दह्याचा डबा न्या, धाकटीला न्या. ती दोघं एकमेकांना भिडली की तुम्ही बाजूला बसून बघा. त्याची नखं वाढली असतील तर काढा. पुढच्या भेटीला तो आपण होऊन येईल.

मुलगा तुमच्याकडं आला तरी नवऱ्याला भेट द्यावी लागेल, ती मनापासून द्या. २०२० च्या यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की लेकराला दोघांच्याही मायेचा हक्क आहे. ताबा एकाकडं दिला तर दुसऱ्याला पुरेशी भेट हवी, निदान व्हिडिओ कॉल तरी. आपल्याकडच्या ताब्याच्या बहुतेक भांडणांत शेवटी पारडं कुठं झुकतं, तर जो दुसऱ्याला लेकरू भेटू देईल असं वाटतं त्याच्याकडं. सासरच्यांनी तीन महिने फोन दिला नाही, ही त्यांची सगळ्यात मोठी चूक आहे. ती तुम्ही करू नका.

निकाल विरुद्ध गेला तर? जाऊ शकतो. मुलगा तिथं रुळला असेल, तिथंच राहायचं म्हणत असेल, नवऱ्यानं दारू सोडली असेल, तर कोर्ट त्याला तिथं ठेवून तुम्हाला सुट्ट्या आणि सण देईल. पण ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसते. परिस्थिती बदलली की पुन्हा अर्ज करता येतो, आणि अपिलाचा रस्ता असतोच.

राहिली धाकटी. तिला "दादा उद्या येणार" असं सांगू नका, रोजचा उद्या तिला कळायला लागला असेल. दादा गंगाखेडला आज्ज्याकडं आहे, तिकडं शाळेत जातो, आणि तो परत यावा म्हणून आपण कोर्टातल्या साहेबांना विचारायला चाललोय, असं खरं ते सांगा. सोमवारी केजला जाताना तिला घरी आईपाशी ठेवा. अकराच्या आत पोचा, वकीलपत्रावर सही करा, आणि वहीतल्या पहिल्या पानावर त्या दिवसाची तारीख टाका.